पाटी पांढरी, वापर धंद्याचा

सीताबर्डी, धरमपेठ, सदर या भागांत संध्याकाळच्या वेळी पाठीवर चौकोनी पेट्या घेऊन धावणाऱ्या दुचाकी आता नित्याच्या झाल्या आहेत. त्यांपैकी कितीतरी गाड्यांची पाटी पांढरी, म्हणजेच नोंदणी खासगी वापराची असते. रामटेक वा ताडोब्याच्या फेरीसाठी 'ओळखीतली' म्हणून भाड्याने मिळणाऱ्या मोटारींचेही तेच. विम्याचा हप्ता वेळेवर भरला म्हणून मालक निर्धास्त असतो. मात्र, पॉलिसीतील 'वापराच्या मर्यादा' हे कलम क्वचितच कोणी वाचतो.

खासगी वाहनाच्या पॉलिसीतून भाडे घेऊन केलेला वापर आणि मालवाहतूक स्पष्टपणे वगळलेली असते. अपवाद नमुन्यांचा आणि स्वतःच्या सामानाचा. त्यामुळे औषधांचे नमुने घेऊन फिरणारा कंपनीचा प्रतिनिधी सुरक्षित, तर त्याच रस्त्याने जेवणाचे डबे पोहोचविणारा तरुण अडचणीत! यामागे हप्त्याचे गणित आहे. 1 जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता 3,416 रुपये होता. तेवढ्याच क्षमतेच्या टॅक्सीला 7,940 रुपये आणि शिवाय दर प्रवाशामागे 978 रुपये.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत न्यायालयांनी काहीशी उदार भूमिका घेतली आहे. टॅक्सी म्हणून वापरलेली खासगी मोटार चोरीस गेल्याच्या नितीन खंडेलवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये 75 टक्के भरपाई कायम ठेवली. चोरीचा आणि भाड्याच्या वापराचा संबंध नाही, हा त्यातला मुद्दा. 2010 च्या अमलेंदू साहू प्रकरणात अपघाताच्या दाव्यालाही हीच दृष्टी लावण्यात आली. अर्थात, हे पदरात पडते ते कज्जेदलाली करून. कंपनीचे पहिले उत्तर बहुधा नकाराचेच.

खरा धोका रस्त्यावरचा दुसरा माणूस दगावला, तर आहे. परवान्याविना भाड्याने वाहन चालविणे हा मूलभूत शर्तभंग असल्याचे 2018 च्या अमृतपाल सिंग निकालाने स्पष्ट केले. अशा वेळी कंपनीने पीडितांना आधी रक्कम द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होतो. 2004 च्या स्वर्णसिंग निकालानुसार ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणेही होऊ शकते. घरोघरी गाडी वडिलांच्या नावावर आणि चालविणारा मुलगा, अशी रीत आहे. वसुलीची नोटीस येते ती निवृत्त वडिलांना, आणि रक्कम लाखांत असते.

राज्य सरकारने जानेवारी 2023 मध्ये अ‍ॅपवरील प्रवासी वाहतुकीसाठी खासगी वाहनांना मनाई केली, 2025 मध्ये ई-बाईक टॅक्सीचे धोरण आणले. घरपोच सेवेतील दुचाकींचा प्रश्न त्यात येत नाही. या कंपन्या देतात तो गट अपघात विमा प्रामुख्याने चालकाच्या जिवाचा व उपचारांचा असतो. त्याच्या गाडीचे नुकसान वा धडक बसलेल्या पादचाऱ्याची भरपाई त्यात धरलेली नसते. कामावर घेताना गाडीची कागदपत्रे तपासणाऱ्या या कंपन्यांना पॉलिसीचा प्रकार पाहणे काही अवघड नाही.