तमक श्वास : धाप थांबली, शोथाचे काय?

मेघ, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तमक श्वास वाढतो, असे चरकाचार्यांनी चिकित्सास्थानात सांगितले आहे. मावळ-लोणावळ्याच्या वैद्यांना हे वेगळे सांगावयास नको. येथील घरांच्या भिंती पावसाळाभर ओल्या राहतात व त्यांवर बुरशी धरते.

ही बुरशी अथवा धुळीतील सूक्ष्म कीटक श्वासनलिकेच्या अस्तरास डिवचतात, तेव्हा अस्तरातील पेशी टीएसएलपीसारखी संदेशद्रव्ये सोडतात. त्यांमुळे टीएच-२ प्रकारच्या पेशी कार्यप्रवृत्त होतात. त्यांच्या संदेशांपैकी इंटरल्युकिन-४ आयजीई प्रतिपिंडे वाढवते, इंटरल्युकिन-५ इओसिनोफिल पेशींना पोसते, तर इंटरल्युकिन-१३ कफ वाढवते. आयजीईने सज्ज झालेल्या मास्ट पेशी हिस्टामीन व ल्युकोट्रीन सोडताच काही मिनिटांत नलिका आकसते. इओसिनोफिल मागाहून, काही तासांनी जमतात व शोथ टिकवून धरतात. सर्वच रुग्णांत हा प्रकार नसतो; काहींत न्यूट्रोफिल पेशींचे प्राबल्य आढळते.

यातून आमच्या मते एकच बोध घ्यावयाचा : आकुंचन सुटणे आणि शोथ शमणे या भिन्न गोष्टी आहेत. सोमलतेतील इफेड्रिन नलिका मोकळी करते. रुग्ण संतुष्ट होतो, परंतु आतील शोथ तसाच राहतो. शिवाय रक्तदाब व हृदयगती वाढण्याचा धोका असतो. आधुनिक वैद्यकासही हा धडा उशिराच उमगला. केवळ अल्पकाळ नलिका प्रसरण करणाऱ्या औषधावर दम्याचा रुग्ण ठेवू नये, असे ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शक संस्थेने २०१९ साली स्पष्ट केले.

म्हणून वैद्यबंधूंना आमची विनंती आहे की, रुग्णाचे श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड आपल्या औषधाचा गुण दिसताच बंद करवू नये. औषधालयचालकांनी घटकद्रव्ये न छापलेली ‘दम्याची पुडी’ विक्रीस ठेवू नये. तीत स्टिरॉइड मिसळलेले असल्यास अपकीर्ती आयुर्वेदाची होते, आणि प्राण रुग्णाचा जातो.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना प्रयोगशाळेची कसोटी लावली. त्याच परिसरात व्यवसाय करणाऱ्या आम्हांस निदान पीक-फ्लो मापकाची नोंद ठेवणे जड जाऊ नये. तमक श्वास याप्य आहे, नवा असता साध्य होतो, हे शास्त्रवचन आहे. मात्र तो साध्य झाला की नुसता दबला, हे मोजल्यावाचून कळणार नाही.