चौक राहिला तरच शाहिरी राहील

शनिवार-रविवार जवळ आला की मुंबईत काय पाहावे, कुठे खावे, फुकटात काय आहे, याच्या याद्या मोबाईलवर फिरू लागतात. फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव, हिवाळ्यात वेसाव्याच्या कोळी बांधवांचा सी-फूड महोत्सव, एरवी जुहूचे पृथ्वी थिएटर आणि घाटकोपरची खाऊगल्ली. या याद्यांशी आमचे भांडण नाही. पण १४ एप्रिलच्या रात्री घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, मुलुंड-बोरिवलीच्या वस्त्यांत जे गायन होते, तेही बिनतिकिटाचे, उघड्यावरचे आणि सर्वांना खुले असते. ते अशा एखाद्या यादीत आल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्याची बातमी झालीच तर 'गर्दी', 'बंदोबस्त' आणि 'वाहतुकीत बदल' एवढीच होते.

आता हा प्रश्न केवळ मानापमानाचा राहिलेला नाही. तो जागेचा झाला आहे.

रमाबाई नगर आणि शेजारच्या कामराज नगराचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून करत आहेत. पूर्व मुक्त मार्ग छेडानगरहून ठाण्याकडे वाढवायचा आहे, त्यासाठीही ही जागा हवी आहे. सोळा-सतरा हजार घरांचा हा मामला आहे. पक्के घर हा आपल्या माणसांचा हक्क आहे. गळके पत्रे आणि सार्वजनिक संडासापुढच्या रांगा यांचे गुणगान आम्हाला करायचे नाही. मात्र पुनर्वसनाच्या हिशोबात ३०० चौरस फुटांचे घर असते, बालवाडी असते, सोसायटीचे कार्यालय आणि कल्याण केंद्र असते. चौक आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो.

चौक कशाला हवा, असे कोणी विचारेल. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव, चाळीचाळीत नेला. त्यांच्याकडे नाट्यगृह नव्हते. मोकळी जागा, एक उजेड आणि जमिनीवर बसलेली माणसे एवढ्या भांडवलावर त्यांनी निरक्षर माणसाला बाबासाहेबांचा विचार समजावला. वामनदादा कर्डक गिरणी कामगार म्हणून मुंबईत आले, इथेच अक्षरे शिकले आणि पुढे महाराष्ट्रभर गात फिरले. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले आणि १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ही सगळी कला उपनगरांच्या आणि गिरणगावाच्या मोकळ्या जागांत वाढली.

११ जुलै १९९७ आपण विसरू शकत नाही. रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचे प्राण गेले. चार दिवसांनी मुलुंडला राहणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांनी पुढची १४ वर्षे 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटासाठी चित्रीकरण केले. २०१२ च्या सुरुवातीला तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर दाखवला गेला. ज्यांची ती कहाणी होती, त्यांच्याच अंगणात ती पोहोचली. बंद कल्याण केंद्रात हे झाले नसते. दार बंद असले की आत बोलावलेलेच येतात. चौकात मात्र कामावरून परतणारा माणूसही पाच मिनिटे थांबतो आणि मग तिथेच बसतो.

सरकारकडे बोट दाखवताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद होतो. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पहाटेपर्यंत चालणारे गायनाचे सामने आता होणे नाही. मग हाताशी असलेले दोन-तीन तास आपण कोणाला देतो? अनेक मंडळांत ते डीजेला जातात. वर्गणीचा मोठा वाटा आवाजाच्या भिंतीवर खर्च होतो आणि ढोलकीवाल्याला 'या वेळी बजेट नाही' असे सांगितले जाते. चौक हिरावला जाण्याआधीच आपण तो रिकामा करतो आहोत का?

जेवणाचेही तसेच. वेसाव्याच्या कोळी भगिनी आपल्या हाताचे कालवण अभिमानाने मांडतात आणि शहर पैसे मोजून ते खाते. आपल्या जयंतीला भोजनदान असते, तिथे बहुधा पुलाव किंवा पुरी-भाजी. आपल्या आज्यांच्या हातची वजरी, खांडोळी, ज्वारीची भाकरी कुठेच दिसत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघर कागदावर आणले, ते आपण वाचले आहे का? १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ते लादलेली लाचारी झुगारण्यासाठी. स्वतःच्या चुलीची लाज बाळगा, असे त्यांनी सांगितले नव्हते. मांसाहार करावा की नाही, यावर धम्मात मतभेद आहेत आणि ते असू द्यावेत. पण लाजेने लपवणे हा त्यावरचा तोडगा नव्हे.

मग करायचे काय? पहिले, पुनर्विकासाच्या प्रत्येक बैठकीत नकाशा मागा आणि विचारा, पुतळ्यासमोर किती मोकळी जागा राहणार, ती वाहनतळात तर जात नाही ना? सभा आणि जलशासाठी जागा लेखी मागा. तोंडी आश्वासन घेऊन परत येऊ नका. दुसरे, येत्या जयंतीला मंचावरचा पहिला तास शाहिराला द्या आणि त्याचे मानधन वर्गणीच्या हिशोबात आधी लिहा. तिसरे, वस्तीतल्या महिलांच्या हातच्या जेवणाचे चार स्टॉल मंडळाने स्वतः उभे करावेत.

आणि चौथे, आपली यादी आपणच करावी. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत कल्याण, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची, भिक्खू-भिक्खुणींची दाने दगडात कोरलेली आहेत, म्हणून दोन हजार वर्षांनीही त्यांची नावे कळतात. आपल्या वस्तीत तीच दानाची परंपरा पावतीपुस्तकात चालते आणि वर्ष संपले की ते पुस्तक रद्दीत जाते. कोणत्या चौकात कोण गायले, ढोलकीवर कोण होते, कोणी रांधले, हे आजच्या तरुणाने मोबाईलवर टिपून ठेवले, तर उद्या नकाशासमोर बसलेल्या अधिकाऱ्याला 'इथे काही नव्हते' असे म्हणता येणार नाही.

जय भीम!