बाकी कोणाच्या खिशातून गेली?



आज ब्रँडिंग नाही, रील नाही, इन्स्टाग्राम नाही. आज भागाकार. हो, पाचवी-सहावीतला, उभा मांडून करायचा, शून्य खाली उतरवायचा भागाकार. "मॅडम, हे काय शाळेचं काढलं?" असं म्हणायच्या आधी माझे ५,१०० रुपये कसे गेले ते वाचा.

माझं पेणमध्ये पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, हे चॅनल बघणाऱ्यांना माहीत आहेच. पेण म्हटलं की गणपती. हमरापूर, जोहे या पट्ट्यात घरोघरी कारखाने, आणि परदेशात जाणाऱ्या मूर्ती तर कित्येक महिने आधीच निघतात. चार वर्षांपूर्वी एका कारखानदार दादांनी ६० खोके सांगितले, आतली उंची एक फूट दहा इंच. मी खोकेवाल्याला मेसेज टाकला : "उंची १.१० फूट."

त्याने काय केलं? जे कोणीही करेल तेच. १.१० गुणिले १२, म्हणजे १३.२ इंच. त्याप्रमाणे ६० खोके कापून पाठवले. दादांना हवे होते २२ इंचांचे. एका खोक्याचे ८५ रुपये. चूक त्याची नव्हती, शंभर टक्के माझी होती. आणि मी बीबीए झालेली बाई!

दहा इंच म्हणजे फुटाचे दहा भागिले बारा. १० मध्ये १२ जात नाहीत, म्हणून शून्य दशांश आणि १० चे झाले १००. बारा आठे शहाण्णव, उरले ४. चाळीस झाले, बारा त्रिक छत्तीस, पुन्हा उरले ४. पुन्हा चाळीस, पुन्हा ३. ही गाडी थांबणारच नाही. ०.८३३३... म्हणजे उंची १.८३ फूट लिहायला हवी होती, किंवा सरळ २२ इंच. फूट बाराचं, दशांश दहाचा. या दोघांना एका टिंबाने जोडलं की धंद्यात खड्डा पडलाच. आजही माझ्याकडे "१.३ फूट" लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात. मी फोन करून विचारते, "सव्वा फूट का?" एक फूट तीन इंच म्हणजे १.२५, १.३ नव्हे.

गंमत बघा, "सव्वा" म्हटलं की कोणी चुकत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकली होती. अगदी औटकीसुद्धा, म्हणजे साडेतीनचा पाढा. अपूर्णांकाला त्यांच्याकडे नावं होती. आपल्याकडे कॅल्क्युलेटर आला आणि नावं गेली. ते पाढे परत आणा असं मी म्हणत नाहीये. पण नावं गेली त्या जागी निदान भागाकाराची समज तरी यायला हवी होती, ती आलीच नाही, हे माझं म्हणणं आहे. आणि आम्ही ट्रेनर लोक याला जबाबदार आहोत. आम्ही पहिल्याच दिवशी "स्केल करा" सांगतो. ज्याला एका पाकिटाचा खर्च नीट काढता येत नाही, त्याने स्केल केलं तर तोटाच स्केल होतो.

आता पापडवाल्या काकूंचं उदाहरण. (नाव लिहीत नाही, त्या चिडतील.) पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करतात. एका घाण्याला सगळं धरून खर्च ३,२५० रुपये, त्यातून ३५ पाकिटं. वहीत लिहिलेलं : "एक पाकीट ९२ रु." दुकानदाराला १०० ला देतात, म्हणजे पाकिटामागे ८ रुपये, एका घाण्याला २८० नफा. पण डब्यात कधी २८० सापडायचेच नाहीत. सुनेवर संशय घेण्यापर्यंत गोष्ट गेली होती.

मी म्हटलं, काकू, भागाकार मांडा. ३५ नव्वे ३,१५०, उरले १००. ३५ दुणे ७०, उरले ३०. इथे काकू थांबल्या होत्या. ९२ आले, बाकी ३०, संपलं.

आता हा "बाकी" शब्दच बघा. शाळेत बाकी म्हणजे भागून उरलेलं. दुकानात बाकी म्हणजे कोणाकडून तरी यायचं राहिलेलं. काकूंची ही ३० रुपयांची बाकी ३५ पाकिटांकडून यायची होती, आणि ती कोणी मागितलीच नाही. प्रत्येक घाण्याला ३० रुपये. आठवड्याला चार घाणे, वीस आठवड्यांचा हंगाम, म्हणजे २,४०० रुपये. सून बिचारी निर्दोष!

दशांशाचा भागाकार म्हणजे दुसरं काही नाही, उरलेल्या बाकीचे सुटे करून वाटणं. ३० रुपये ३५ पाकिटांवर रुपयांत वाटता येत नाहीत ना? मग त्यांची दहा-दहा पैशांची नाणी करा (ती आता चलनात नाहीत, पण धरून चाला). ३०० नाणी झाली. शून्य खाली उतरवतो म्हणजे हेच करतो, एका मोठ्याचे दहा लहान. प्रत्येक पाकिटाला ८, गेली २८०, उरली २०. त्यांचेही सुटे करा : २०० पैसे. प्रत्येकी ५, गेले १७५, उरले २५. तर ९२ रुपये ८५ पैसे, आणि अजून थोडं. पुढे ओढलं तर ७, १, ४, २ येतात आणि बाकी पुन्हा ३०! म्हणजे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू, ८५७१४२ ८५७१४२. बाकी पुन्हा तीच आली की समजायचं, हे कधीच संपणार नाही.

कधी संपतं? अपूर्णांकाला छोट्यात छोटं रूप द्या. खालच्या आकड्याचे भाग फक्त २ आणि ५ चे असतील, तरच. ८, १६, २०, २५, ४० हे शहाणे आकडे. ३, ७, १२ हे चिवट. डझनाचा माल विकणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा : १०० रुपये डझनची वस्तू नगाला ८.३३ रुपयांची, ८ ची नाही.

"फोनमध्ये टाकलं की येतंच की," हे मला दर बॅचला कोणीतरी ऐकवतं. येतं ना, ९२.८५७१४२८ येतं. पण त्यातलं किती ठेवायचं आणि कुठल्या बाजूला वळायचं हे फोन सांगत नाही. खर्च काढताना वर जायचं, ९३ धरायचे. एवढ्या मालात किती पाकिटं निघतील हे काढताना खाली यायचं, कारण साडेचौतीस पाकिटं विकता येत नाहीत. आणि मधल्या पायरीवर तर कापाकापी करायचीच नाही, जे काय करायचं ते शेवटी. आणखी एक, घाईत ३५ भागिले ३,२५० असं उलटं टाकलं तर फोन निमूटपणे ०.०१ दाखवतो. हाताने भागाकार केलेल्या माणसाच्या तोंडून लगेच "छे, असं कसं" निघतं. बाकीचे तोच आकडा वहीत लिहितात.

ही मधेच कापण्याची सवय एकदा सगळ्या देशाने अनुभवली आहे. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. आधी रुपयाचे १६ आणे होते, आता १०० नवे पैसे. एक आणा म्हणजे १ भागिले १६, म्हणजे ०.०६२५ रुपया, सव्वासहा पैसे. पण सव्वा पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून एका आण्याचे ६ नवे पैसे धरले, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे बरोबर २५. आता हिशोब करा, एक-एक आण्याच्या सोळा वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर ९६ पैसेच होतात. चार पैसे गायब! आणि तीन आण्यांची वस्तू घेणाऱ्याचा पाव पैसा जास्त गेला, कारण हिशोबाने पावणेएकोणीसच होत होते. सरकारला निदान माहीत होतं की आपण काय कापतोय. आपण वहीत कापतो तेव्हा आपल्याला माहीत असतं का?

जीएसटीत तर ही चूक मी रोज बघते. १८ टक्के धरून बिल १,१८० चं आहे, त्यात कर किती? लोक १,१८० चे १८ टक्के काढतात, २१२.४० येतात. कर आहे १८०. कारण इथे अपूर्णांक १८ भागिले ११८ आहे, १८ भागिले १०० नाही. भागून बघा, ०.१५२५४२... येईल. कोणी "साधारण ०.१५" धरलं तर १७७ येतात, तीन रुपये कमी. चार स्थळं घेतली, ०.१५२५, तर १७९.९५. एका बिलात पाच पैशांचा फरक चालेल, पण बिलाची रक्कम मोठी असेल तर तेवढ्यावर थांबू नका. सरळ १,१८० गुणिले १८ करून मग ११८ ने भागा, बरोबर १८० येतील.

भागीदारांसाठी एवढंच : तिघांत "तेहतीस-तेहतीस टक्के" असं कधीही लिहू नका. २०,००० नफ्यात प्रत्येकी ६,६०० जातात आणि २०० रुपये भांडायला उरतात. "एक तृतीयांश" लिहा. ६,६६६ प्रत्येकी, उरले दोन रुपये, त्याचं काय करायचं ते आधीच ठरवा.

काकूंनी दर १०३ केला. दोन दुकानदारांनी कुरकुर केली, एकाने माल घेणं थांबवलं आणि दिवाळीआधी परत आला. परवा दुकानात पाऊच घ्यायला आल्या, माझा कागद ओढून घेतला आणि माझाच दर भागायला बसल्या. २४० रुपये किलो, किलोत १७० नग. १.४१ पर्यंत आल्या, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तू मला दीड रुपयाला देतेस. म्हणजे किलोमागे पंधरा सुटतात तुला. मी पाच किलो घेते, तर काहीतरी कमी कर की!"

कमी केले. काय करणार, शिकवलं मीच होतं.