शेजारची भाषा : मारामारीचा धडा

'किती झाले?' आणि 'इथे थांबवा' एवढ्या कँटोनीजवर हाँगकाँगात वर्षे निघतात. भांडण झाले की मात्र पंचाईत.

आमचेच पाहा ना. इमारतीखालच्या बागेत एका मुलाने आमच्या चिरंजीवांना घसरगुंडीवरून ढकलले. गुडघा फुटला. रखवालदार आजोबा धावत आले, काहीतरी विचारू लागले. आम्ही ठणकावून सांगितले, "ङो को चै थोइ खोइ!" ('ङो को चै' म्हणजे माझा मुलगा, 'खोइ' म्हणजे तो, 'थोइ' म्हणजे ढकलणे.) आजोबांनी डोळे वटारले ते आमच्याच मुलावर!

चूक घरी आल्यावर कळली. मराठीत शब्द कसेही फिरवा, 'ने' आणि 'ला' आपले काम चोख करतात. कँटोनीजमध्ये विभक्तीच नाही. आधी येईल तो ढकलणारा, नंतर येईल तो पडणारा. मुलाला आधी आणायचेच असेल तर मध्ये 'पेइ' हवे : "ङो को चै पेइ खोइ थोइ." म्हणजे माझ्या मुलाला त्याने ढकलले. 'पेइ'चा एरवीचा अर्थ 'देणे'. आपल्याकडे मार खातात, इथे देतात!

चिरंजीव दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. "माझंच नाव का सांगितलंत?" यावर काय बोलणार? मग बसलो शिकायला.

'ता' म्हणजे मारणे. रोमन लिपीत 'डी' लिहितात, पण उच्चार आपल्या 'त'जवळचा. 'थेक्' म्हणजे लाथ मारणे. त-थ, क-ख हा भेद आपल्या अंगवळणी पडलेला, तेवढा फायदा. आपण हाका मारतो, गप्पा मारतो, मिठीसुद्धा मारतो, तसेच हे लोक फोन, इंजेक्शन, माहजाँग सगळ्याला 'ता' लावतात. नोकरी करणे तेही 'ता कुङ'! 'नाउ' म्हणजे रागावणे आणि 'ङाउ' म्हणजे चावणे, तेव्हा बाई मुलाला रागावल्या हे सांगताना जपून. (बाराखडीतला 'ङ' असा परदेशात कामी आला.) सूरही निराळे, ते शेजारणीकडूनच ऐकावेत. तोंडाचे भांडण 'आइ काउ', हातघाईचे 'ता काउ'. आजोबा त्या दिवशी बहुधा हेच विचारत होते.

शनिवारी चिरंजीवांना घेऊन पुन्हा खाली गेलो आणि 'पेइ' घालून वाक्य म्हटले. आजोबांनी आधी आमचा सूर सुधारला. मग वाकून त्याच्या गुडघ्याकडे पाहात म्हणाले, "थुङ म् थुङ?" दुखतंय का?

"म् थुङ," चिरंजीव म्हणाले.