भिंतीवरचा बिबट्या

काशीमिऱ्याहून घोडबंदरच्या वाटेस लागले, की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हिरवी डोंगररांग सोबतीला येते. मीरा-भाईंदरच्या वेशीवरील सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या या वनात व परिसरात २०१८ च्या पाहणीत ४७ बिबटे आढळले. ही मोजदाद मोठी मनोरंजक असते. वाटेवरचे कॅमेरे येणाऱ्याजाणाऱ्या प्राण्याचे छायाचित्र आपोआप टिपतात आणि ठिपक्यांच्या नक्षीवरून एकेक बिबट्या ओळखला जातो. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणेच ही नक्षी दुसऱ्याशी जुळत नाही!

मग 'वन्यप्राणी वाचवा' असे सांगणाऱ्या भिंतीवर बहुधा डरकाळी फोडणारा पट्टेरी वाघच का रंगवतात? तो तर येथे पिंजऱ्याबाहेर नांदत नाही. ही दूरच्या रानाची गोष्ट, असे समजून पाहणारा पुढे निघून जातो.

ठाणे-पालघरच्या वारल्यांची दृष्टी निराळी आहे. त्यांच्या वाघोबात वाघ आणि बिबट्या दोघेही येतात. लाकडावर वा दगडावर त्याची आकृती कोरून, शेंदूर माखून ते तिची पूजा करतात. गेरूच्या कुडावर तांदळाच्या पिठाने रेखलेल्या त्यांच्या चित्रांत झाडे, गुरे, माणसे आणि रानातली जनावरे एकाच जगात वावरतात. ही कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री लाभली. वाघोबाचे भय वारल्यांनाही वाटते. पण ते शेजाऱ्याचे भय असते.

वस्तीत बिबट्या दिसताच 'त्याला धरून दूर सोडा' अशी हाकाटी होते. ज्या घरी लहान मूल आहे, त्या घराला दोष कोण देईल? परंतु जुन्नरकडचे बिबटे धरून अन्यत्र सोडले, तेव्हा तेथे माणसांवरील हल्ले वाढल्याचे अभ्यासकांना आढळून आले. खरे कारण पुष्कळदा उकिरड्यावर असते. कचऱ्याभोवती भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

तेव्हा मुलांनी येथलाच बिबट्या रंगवावा, आणि तोही नीट पाहून. पुष्कळ जण त्यालाच चित्ता म्हणतात. पण चित्त्याचे ठिपके भरीव, तर बिबट्याचे फुलासारखे पोकळ असतात. शेजारी कुत्री आणि उकिरडाही रंगवावा. भिंत विद्रूप दिसते, अशी तक्रार कोणी करील. खुशाल करू द्यावी. त्या भिंतीखालचा खरा कचरा कोणी उचलावयाचा, असे एखाद्या मुलाने विचारले, तर मोठ्यांना उत्तर द्यावे लागेल.