सहल मशीद बंदरास न्यावी

मुंबईची सहल करून आलेल्या विद्यार्थ्यास काय पाहिलेस म्हणून विचारावे, तर गेटवे, राणीची बाग आणि चौपाटी ही नावे तो एका दमात सांगतो. ही स्थळे पाहू नयेत असे कोण म्हणेल? परंतु ज्या बंदरामुळे मुंबई मोठी झाली, त्याच्या काठच्या जुन्या वस्त्या आपल्या सहलींच्या वाटेवर कधीच येत नाहीत. एक सकाळ तरी मुलांनी मशीद बंदर व मांडवी येथे पायी हिंडावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

तेथे पाहण्यासारखे काय? प्रथमदर्शनी काहीच नाही! हातगाड्या, मसाल्यांचा ठसका, हमालांच्या हाका. आणि बंदर म्हणावे तर समुद्र दृष्टीस पडत नाही. भराव घालून त्यास मागे हटविले, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी सुरू झाली, आणि जुन्या धक्क्यांची केवळ नावे उरली. ती नावेच वाचावयास शिकले पाहिजे. मांडवी म्हटले की आम्हा गोमंतकीयांपुढे नदी उभी राहते. जुन्या मराठीत मात्र मांडवी म्हणजे जकातीची कचेरी. मशीद बंदर हे नाव तर यहुदी प्रार्थनामंदिरावरून पडले असे मानतात. कोकणातले बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मशीदच म्हणत. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकाऱ्याने ते १७९६ मध्ये बांधविले. आडनाव पाहा, तुमच्या-आमच्यासारखेच 'कर' लावलेले. आणि घरची भाषा मराठी!

याच परिसरावर १४ एप्रिल १९४४ रोजी आकाश कोसळले. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजास आग लागून त्यातील दारूगोळ्याचे दोन प्रचंड स्फोट झाले. मांडवीची घरे-गुदामे जळाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन त्यांच्याच स्मरणार्थ पाळतात, हे किती मुलांस ठाऊक आहे?

गर्दीत मुले चुकतील, असे पालक म्हणतील. भीती अगदीच निराधार नाही; लहान तुकड्या कराव्या, प्रत्येकीबरोबर एक शिक्षक द्यावा. कोणी रविवार सुचवील, कारण तेव्हा गलबला कमी. मी म्हणेन, कामाच्या दिवशीच जावे. पाठीवर पोते घेतलेला माणूस वाट मागत येतो तेव्हा मुलांनी बाजूस व्हावे, हाही बंदराच्या इतिहासाचाच धडा होय. जवळच्या हमरस्त्यास गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांचे नाव आहे. तेही त्यांस दाखवावे.

सकाळी आठास मशीद स्थानकावर उतरल्यास दुपारची घारापुरीची बोटही चुकणार नाही.