लागून आलेल्या सुट्ट्या आणि बंद फाटके

पावसाळा ओसरून आश्विनाचे ऊन चटके देऊ लागले की मुंबईतील नोकरदाराचे लक्ष दिनदर्शिकेकडे वळते. २०२५ साली गांधी जयंती व दसरा २ ऑक्टोबरला, गुरुवारी, एकत्र आले. एक सुट्टी त्यात बुडाली खरी. परंतु शुक्रवारची रजा टाकली की सलग चार दिवस हाती येत होते. २०२६ च्या दिनदर्शिकेत दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी आहे. म्हणजे सोमवारची रजा आणि पुन्हा चार दिवस. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यापासून हे गणित अधिकच सोपे झाले आहे.

या चार दिवसांचे करायचे काय, याचे सुस्थित मध्यमवर्गापुरते उत्तर ठरून गेलेले आहे. शहर सोडायचे. लोणावळा, अलिबाग, महाबळेश्वर. आणि त्यासाठी खंडाळ्याच्या घाटात मोटारींच्या रांगेत तिष्ठत राहण्याचीही तयारी. ज्याची ऐपत आहे त्याने जरूर जावे. परंतु मुंबईत मागे राहणाऱ्यांची संख्या जाणाऱ्यांहून कितीतरी मोठी असते. दुकानातील नोकर, कारखान्यातील कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांना रजा टाकून सुट्टी जोडण्याची सोय नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो फार तर एखादा दिवस. त्या एका दिवशी हे शहर त्यांना काय देते, हा खरा प्रश्न आहे.

सुट्टीचा विषय या शहरात क्षुल्लक मानला जाऊ नये, याला इतिहासाचाही आधार आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि दीर्घ प्रयत्नांनंतर १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ज्या शहरात सुट्टी ही अशी झगडून मिळवावी लागली, तेथे ती सत्कारणी लावण्याची साधने सार्वजनिक असावीत, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

साधनांची तर वानवा नाही. भायखळ्याची राणीची बाग आहे, तिला लागूनच १८७२ साली जनतेसाठी खुले झालेले, आता डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाणारे संग्रहालय आहे. गावदेवीचे मणिभवन आहे. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम तेथे असे, हे २ ऑक्टोबरला किती मुंबईकरांना आठवते कोण जाणे! ओव्हल मैदानावर एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे अनेक सामने पाहण्यास तर छदामही पडत नाही. आणि या सर्वांवर ताण म्हणावे असे कान्हेरी. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, बोरिवलीच्या प्रवेशद्वारापासून सुमारे सहा किलोमीटर आत, इसवी सनापूर्वीपासून पुढे जवळजवळ हजार वर्षे खोदल्या गेलेल्या शंभराहून अधिक लेणी आहेत. भिक्षूंनी डोंगरावरचे पाणी पन्हळींतून वळवून टाक्यांत साठविण्याची जी योजना केली, ती पाहावी तर पाऊस नुकताच सरलेला असताना, सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी. महानगराच्या हद्दीत असे स्थळ असणे हे भाग्यच म्हटले पाहिजे.

मात्र हे उद्यान सोमवारी बंद असते. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. साप्ताहिक सुट्टी कर्मचाऱ्यांना मिळालीच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. परंतु लागून आलेल्या सुट्ट्यांत सोमवारच नेमका हाताशी असतो, आणि मुलाबाळांना घेऊन फाटकापाशी पोहोचलेल्या कुटुंबाला पाटी वाचून परतावे लागते.

दुसरी अडचण रेल्वेची. रविवारी मध्य व हार्बर मार्गांवर मेगाब्लॉक, आणि अनेक सार्वजनिक सुट्ट्यांना रविवारचे, म्हणजे कमी गाड्यांचे, वेळापत्रक. रुळांची दुरुस्ती कधीतरी करावयाचीच, हे मान्य. परंतु लोक सुट्टीच्या दिवशी कचेरीत जात नाहीत म्हणून ते कोठेच जात नाहीत, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली मांडले होते की कोणत्याही उपभोगाची किंमत केवळ पैशात नसून त्यावर खर्च होणाऱ्या वेळातही मोजली पाहिजे. कल्याणहून भायखळ्यास निघालेल्या कुटुंबाचा विचार या दृष्टीने करावा. बागेचे तिकीट त्यांना परवडते. फलाटावर गेलेले तास परवडत नाहीत. मोटारवाल्याला हा भार पडत नाही, कारण तो त्या दिवशी रेल्वेत नसतोच.

आणि तो रेल्वेत नसतो म्हणूनच तक्रारही होत नाही. वृत्तपत्रांना पत्रे लिहिणारा, नगरसेवकाला गाठणारा वर्ग सुट्टीला गावाबाहेर असतो. घाटातील कोंडीची बातमी होते, बोरिवलीच्या बंद फाटकाची होत नाही.

उपाय शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. राणीची बाग बुधवारी बंद असते; पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर महापालिका ती उघडी ठेवते व दुसऱ्या दिवशी बंद ठेवते. कर्मचाऱ्यांची सुट्टी बुडत नाही, लोकांचीही नाही. हाच नियम थोडा रुंदावून सार्वजनिक सुट्टीला लागून येणाऱ्या सोमवारांनाही लावता येईल. वर्षाकाठी असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात आणि ते वर्षारंभीच ठाऊक असतात. कान्हेरीच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. उद्यान राज्याच्या वनखात्याकडे, तर त्याच्या पोटातील लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. एकाने फाटक उघडले आणि दुसऱ्याने उघडले नाही, तर सहा किलोमीटर आत गेलेला माणूस पायऱ्यांशी अडणार. तेव्हा दोन्ही खात्यांनी हे मोजके सोमवार वर्षारंभीच एकत्र बसून ठरवावेत आणि दिनदर्शिका छापल्या जाण्याच्या आत जाहीर करावेत.